देवाची भाडेकरीण

तानीना कान्नारेल्ला देवळात जन्मली. हे तिनं तुम्हाला अजून सांगितलं नसेल, तर तुम्ही तिच्याकडून कधी काही विकत घेतलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. ओर्तीजिया बेटावरच्या बाजारात शिरताना अपोलोच्या पडक्या देवळाचं लोखंडी कुंपण लागतं, आणि त्या कुंपणाला पाठ लावून तिचं दुकान. दुकान कसलं, एक फळी आणि वर छत्री. फळीवर मिठात मुरलेल्या केपरच्या कळ्या, उन्हात वाळवलेले टोमॅटो, ओरेगानोच्या जुड्या, ऑलिव्हचे दोन डबे. गिऱ्हाइकानं केपर मागितले की तागडीत कळ्या टाकता टाकता ती मानेनंच मागे खूण करायची आणि सांगायची, ती लांब भिंत दिसते ना खाली, तिथं आमचं स्वयंपाकघर होतं.

गिऱ्हाईक बाहेरगावचं असलं तर 'हो का' म्हणून सटकायचं. गावातलं असलं तर बायकांना लावतात ते आदराचं दोन्ना लावून म्हणायचं, हो दोन्ना तानीना, आणि अपोलो तुमच्याकडे दूध घालायला यायचा, माहितेय आम्हाला. समोरचा सान्तो मासेवाला तर रोज सकाळी पहिली टोपली मांडली की विचारायचा, देवानं या महिन्याचं भाडं माफ केलं का. तानीना त्याला त्याच्या शिळ्या सार्डिनवरून असं काही ऐकवायची की शेजारचे भाजीवाले हातातलं काम टाकून ऐकत बसत.

बरं, गोष्ट अगदीच हवेतली नव्हती. देवळाचं पुढं चर्च झालं, मशीद झाली, शिपायांची बराक झाली, आणि मग माणसांनी त्याच्या खांबांना भिंती जोडून, भिंतींना छपरं टेकवून आत संसार थाटले. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी सरकारला एकाएकी जुना देव आठवला. घरं पाडली आणि खणायला सुरुवात झाली. हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. पण त्या घरांत नेमकं कोण राहायचं म्हणून विचाराल, तर आज निम्मी ओर्तीजिया हात वर करेल. त्यातून तानीनाची जीभ. तिखटमीठ लावल्याशिवाय तिला साधी वेळसुद्धा सांगता येत नाही. राजाची बग्गी आमच्या दारात अडकली आणि आईनं राजाला तळलेली वांगी खाऊ घातली, हे तिनंच सांगितलेलं. तिचा भाऊ मेलो, त्यानं पकडलेला तलवारमासा देवळाच्या खांबाहून लांब होता, हेही तिनंच. आता अशा बाईनं खरं सांगितलं तरी ते कुठलं, हे कसं ओळखायचं? पुरावा म्हणावा तर जन्माचा दाखला होता, त्यावर गल्लीचं नावही होतं. पण ती गल्लीच आता उरलेली नाही.

इथं प्रत्येक घराण्याला एक टोपणनाव चिकटतं आणि ते आडनावापेक्षा जास्त टिकतं. सान्तोच्या घराण्याला 'ओले पाय' म्हणतात, त्याच्या पणजोबापासून. तानीनाला गावानं 'देवाची भाडेकरीण' करून टाकलं. तिला ते आवडायचं नाही असं ती म्हणायची, पण फळीवर तिनं ते स्वतःच्या हातानं लाल रंगात लिहिलं होतं.

तेरा वर्षांची होती तेव्हा एका सकाळी आईनं गाद्या गुंडाळल्या, बापानं हातगाडीवर पेटारा चढवला आणि कुटुंब पुलापलीकडे एका खोलीत राहायला गेलं. मेलोनं जाताना तुर्को कुत्र्याला उचलून घेतलं होतं, कारण तुर्को दारातून हलायला तयार नव्हता. पुढं तानीनानं लोकांचे कपडे धुतले. होड्या रंगवणाऱ्या वान्नीशी लग्न केलं, दोन मुली वाढवल्या. मेलो अर्जेंटिनाला गेला, तिथं पाव भाजून पैसे पाठवत राहिला आणि तिथंच मेला. वान्नीही गेला. मुली दूर उत्तरेत तोरीनोला, दर रविवारी फोनवर, आई ये, आई ये. तोरीनोत समुद्र आहे का, असं ती विचारायची आणि विषय संपायचा. सत्तरीला आली तरी तिची एकच इच्छा शिल्लक होती. एकदा, फक्त एकदा, कुंपणाच्या आत जाऊन आपल्या स्वयंपाकघरात उभं राहायचं.

एवढीशी इच्छा, पण देवळात कुणालाच सोडत नाहीत. जगभरचे लोक येतात, कुंपणावरून खाली डोकावून बघतात, फोटो काढतात आणि जातात. तानीनानं चार राखणदारांना विनवून पाहिलं. पाचवा कोर्रादो. तो तर तिच्याच हातची वांगी खाऊन वाढलेला, तिच्या शेजारणीचा मुलगा. तोही बधला नाही. चावी माझ्याकडे आहे, कायदा नाही, असं म्हणायचा, आणि तिच्याच छत्रीच्या सावलीत बसून तिचेच ऑलिव्ह खायचा.

त्या जूनमध्ये बोलोन्याहून जुन्या अवशेषांची अभ्यासक ओर्नेला आली. काडीसारखी पोरगी, गळ्यात शिट्टीसारखं भिंग, खांद्यावर शिडी. तिला तीन आठवड्यांचा परवाना मिळाला होता, देवळाच्या भिंतीतलं एकेक भोक मोजायचं, मापायचं, त्याला नंबर द्यायचा. बाजाराला आठवडाभर दुसरा विषय नव्हता. भोकं मोजायला बोलोन्याहून बाई आलीय म्हणे, इकडं आमच्या छपराला आहेत ती पण मोजून दे म्हणावं. सान्तोनं तिचं नाव 'दगडांची डॉक्टरीण' ठेवलं. तानीनानं मात्र पहिल्याच दुपारी कुंपणाच्या गजांतून टोमॅटो, ट्यूना आणि केपर भरलेला पाव आत सरकवला, कारण पोरीच्या गालाची हाडं तिला बघवेनात.

रोज पाव, रोज गप्पा, मध्ये गज. ओर्नेला ऐकून घ्यायची. राजाची बग्गी, तलवारमासा, सगळं. हसायची, पण हो-हो म्हणून टाळायची नाही. चूल कुठं होती, दार कुठल्या बाजूला, असं विचारायची. एक दिवस ती आपणहून म्हणाली, "शनिवारी संध्याकाळी माझं भाषण आहे, मोठी मंडळी येणारेत. ते एकदा झालं की रविवारी सकाळी मी तुम्हाला आत घेऊन जाते. परवाना सोमवारपर्यंत आहे, कोर्रादोला मी बघते."

तानीनानं पाव किलो केपर कागदात बांधून पोरीच्या हातात कोंबले. घरी जाऊन कपाटातले काळे बूट काढले, वान्नीच्या अंत्ययात्रेनंतर न घातलेले, आणि त्यांना तेल लावलं.

बुधवारी तिचा दात काढला. शेवटचा. बाकीचे केव्हाच गेले होते, वरखाली कवळी होती, पण खालच्या बाजूला एक दाढ हट्टानं टिकून होती आणि कवळी तिच्याभोवती कापून बसवलेली होती. दाताच्या डॉक्टरनं ती उपटून कचऱ्यात टाकायला घेतली, तर तानीनानं हात धरला. माझी आहे ती, इकडे द्या. रुमालात बांधून तिनं ती एप्रनच्या खिशात टाकली आणि सुजलेला गाल घेऊन दुकानावर येऊन बसली. सान्तो म्हणाला, आज पहिल्यांदा बाजारात शांतता आहे, डॉक्टरला मासे पाठवतो.

दुपारी ओर्नेला कुंपणाशी आली, गाल बघून विचारलं, आणि दात हा शब्द ऐकताच तिचा चेहरा असा काही उजळला की तानीनाला नवल वाटलं. माझा तर सगळा आठवडाच दातांचा आहे, ती म्हणाली. मग इकडेतिकडे बघून तिनं गजाजवळ तोंड आणलं. कुणाला सांगू नका म्हणाली. लांब भिंतीत, एका खोल भोकात, तिला पाच दात सापडले होते. लहान मुलांचे, दुधाचे. एवढ्या उंचावर, दोन पुरुष उंच, की मुलाचा हात पोचणं शक्यच नाही. म्हणजे कुणीतरी मोठ्या माणसानं, बहुधा पुजाऱ्यानं, शिडी लावून मुद्दाम ठेवलेले. मुलांचा नैवेद्य देवाला. खालच्या धगीच्या काळ्या खुणाही तेच सांगतात. तपासणीचा निकाल यायला महिने लागतील, पण शनिवारी ती हे सांगणार होती, त्या मोठ्या मंडळींसमोर. यावर तिला नोकरी मिळेल. कायमची.

तानीनानं मान डोलावली आणि पाव आत सरकवला.

इथं मुलाचा दात पडला की तो भिंतीतल्या भोकात ठेवायचा, उंदराला सांगायचं, जुना घे आणि नवा दे, आणि मग आईपुढे हात पसरायचा. आई मधातली तिळाची वडी देते. हे इथल्या शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक आहे. बोलोन्याच्या पोरीला कोण सांगणार? तिकडं म्हणे दात उशीखाली ठेवतात. तानीनाला ते भोक आठवलं, चुलीच्या उजवीकडचं, गावची संत सान्ता लुचिया, तिच्या तसबिरीखालचं. टाचा उंचावून बोटं आत घालायची, गार दगड लागायचा. पाच दात. माझे तीन, मेलोचे दोन. बाकीचे उंदरानं खरंच नेले असावेत.

तो दिवस आणि गुरुवार तिनं कसे काढले, तिचं तिला माहीत. दोन वेळा चुकीचं वजन केलं. बाहेरगावच्या एका जोडप्याला भिंतीकडे मान न वळवताच केपर दिले, तेव्हा सान्तो टोपली सोडून उठून आला आणि बरं नाही का म्हणून विचारलं. तिच्या डोक्यात एकच घोळत होतं. गप्प बसलं तर रविवारी आत जायला मिळतंय. तीनचार दिवसांचा तर प्रश्न. सांगितलं तर पोरीचं सोनं माती होणार, मग कशाला ती आपल्याला आत नेईल? आणि नेलं नाही तर पुन्हा कोण नेणार, कोर्रादोच्या नातवाची वाट बघायची का?

पण त्या सभागृहात शनिवारी कोण कोण जाणार, हेही तिला दिसत होतं. मोठी मंडळी पुढं, आणि मागच्या तीन रांगांत ओर्तीजियाच्या म्हाताऱ्या. त्या कुठल्याही भाषणाला जातात, पंखा असतो म्हणून. त्यातल्या प्रत्येकीनं भिंतीत दात ठेवलेले. पोरगी पुजारी, नैवेद्य म्हणून बोलायला लागली की आधी एक हसेल, मग दुसरी, मग सगळी मागची बाजू. ओर्तीजियाच्या म्हाताऱ्या हसायला लागल्या की छप्पर उडतं. आणि पोरीची नोकरी त्याबरोबर. आपल्याला जन्मभर हसले ते पुरे नाही का झालं, असं तानीनाला वाटलं, आणि तिला स्वतःचाच राग आला, की हे ठरवायला आपल्याला दोन दिवस का लागावेत.

शुक्रवारी सकाळी दुकान न मांडता ती फाटकाशी जाऊन उभी राहिली. कोर्रादो म्हणाला, रविवारी म्हणाली होती ना ती, आज कशाला. तिनं त्याला सांगितलं, तू तुझे ऑलिव्ह खा आणि तिला बोलाव. ओर्नेला आली, हातात पुठ्ठ्याची डबी, कापसावर मांडलेली. गजांतून तानीनानं एका दमात सगळं सांगून टाकलं. उंदीर, वडी, तसबीर, चूल.

ओर्नेलानं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. त्या नजरेतलं तानीनाला लगेच कळलं. राजाची बग्गी आणि तलवारमासा त्या नजरेत होते.

"दोन्ना तानीना," ती हळू म्हणाली, "ते भोक जमिनीपासून दोन पुरुष उंच आहे. सात वर्षांची पोरगी तिथं कशी पोचेल?"

"कुठल्या जमिनीपासून? तुमच्या? ही जमीन तुम्ही खणून काढलीत बाई. आमची वर होती. रस्त्यावरून दोन पायऱ्या चढून आम्ही घरात शिरायचो."

ओर्नेला वळून भिंतीकडे बघायला लागली, तोंडातल्या तोंडात काही मापं पुटपुटली. मग मान हलवली. तसं असेलही, म्हणाली, पण नुसत्या शक्यतेवर हाती आलेलं मोडता येत नाही. पुरावा नाही.

तानीनानं डबीत डोकावून बघितलं. पाच पांढरे ठिपके, एकेकाला चिठ्ठी.

"हे माझे तीन. हे मेलोचे. आणि सहावा कुठाय?"

"कुठला सहावा?"

"मोठा, पिवळा, टोकदार. कुत्र्याचा सुळा."

सहावा दात ओर्नेलानं कुणाला सांगितलाच नव्हता. कोर्रादोलाही नाही. तो दात ती शनिवारी सगळ्यात शेवटी खिशातून काढणार होती. कुत्र्याचा बळी, असं तिनं टिपून ठेवलं होतं.

मग तानीनानं तो प्रसंग सांगितला, आणि त्यात तिखटमीठ अजिबात नव्हतं. तुर्कोनं खाटकाच्या दुकानामागे हाड फोडताना सुळा मोडून घेतला होता. मेलोनं तो उचलला, घरी आणला, भोकात टाकला, उंदराला रीतसर विनंती केली आणि आईपुढे हात पसरला. आईला सगळं दिसत होतं. तरी तिनं वडी दिली. पुढच्याच वर्षी मेलोचा एक दात वाकडा आणि पुढे आलेला उगवला, आणि मरेपर्यंत तो तसाच राहिला. आई म्हणायची, उंदरानं आपला शब्द पाळला. हे सांगता सांगता तानीना हसायला लागली आणि हसता हसता तिला रडू फुटलं. अर्जेंटिनाहून आलेल्या प्रत्येक फोटोत मेलो तोंड मिटून हसायचा, त्या दातामुळे. तो सुळा आता तिच्यापासून वीतभर अंतरावर, पोरीच्या खिशात होता.

ओर्नेलानं खिशातून सुळा काढून गजांतून तिच्या हातावर ठेवला. तानीनानं तो अंगठ्यानं चोळला आणि परत दिला. ओर्नेलानं तो डबीत ठेवून डबी बंद केली, वळली आणि आपल्या तंबूत गेली. संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही. पावही तसाच राहिला.

गेलं ते गेलं, असं तानीनानं स्वतःला बजावलं. पोरगी वाचली, हे काय कमी आहे. पण घरी गेल्यावर तेल लावलेले बूट कपाटात परत ठेवताना तिला फार वाईट वाटलं. वान्नीच्या फोटोला तिनं सांगितलं की तुझी बायको मूर्ख आहे, आणि तुला ते आधीपासून माहीत होतं.

शनिवारी सकाळी तिनं छत्री उघडली नसेल तोच कोर्रादो येऊन उभा राहिला. हातात चावी. मागे ओर्नेला, डोळे सुजलेले, केस विस्कटलेले, काखेत कागद.

"आज संध्याकाळी मला त्या घराबद्दल बोलायचंय," ती म्हणाली. "देवळाबद्दल पुष्कळ लोक बोललेत. चूल कुठं होती ते मला चुकवायचं नाही. येताय?"

कोर्रादो घसा साफ करून म्हणाला की परवान्याच्या कागदात 'माहीतगार रहिवासी' असा एक रकाना आहे, तो आजवर कुणी भरलेलाच नव्हता, त्यामुळे हे कायद्यात बसतं. एवढं कायद्याचं बोलून त्याचे कान लाल झाले होते.

बूट घरी राहिले. तानीना एप्रनवर, कापडी चपलांत आत गेली. अर्धा बाजार कुंपणाला लागला. सान्तो सुरी हातात घेऊन आला, पहिल्या रांगेत. भाडं घेऊन चाललीस का, तो ओरडला. तिनं मागे न बघता सांगितलं, तुझी थकबाकी पण भरते.

लोखंडी पायऱ्या उतरून खाली आल्यावर तिनं पायपुसण्यावर पुसावेत तसे पाय गवतावर पुसले. आधी ती झपाझप चालली. इथं गल्ली, इथं लोहाराचं घर, इथं आमचा दरवाजा. कोर्रादो सरळ चालत आला तर त्याला हटकलं, भिंतीतून काय येतोस, दारातून ये. तो बिचारा चार पावलं मागे जाऊन वळसा घालून आला. ओर्नेला एका दगडावर उभी होती, तिला बाजूला केलं, तो आईबापाचा पलंग आहे. आणि मग लांब भिंतीपाशी येऊन ती थांबली. इकडे गेली, तिकडे गेली. स्वयंपाकघर सापडेना. भिंत ओळखीची नव्हती. नुसते मोठमोठे अनोळखी दगड, तिच्या डोक्याच्या वर चढत गेलेले. एवढी वर्षं बोलले ते सगळं खोटंच होतं की काय, असं क्षणभर तिलाच वाटून गेलं.

"वर," ओर्नेला म्हणाली. "तुम्हीच सांगितलंत काल. वर बघा."

तिनं वर पाहिलं. दोन पुरुष उंच, दगडावर काळा डाग होता, पंख्यासारखा पसरलेला. चुलीचा धूर. आईच्या वांग्यांचा. त्याच्या बाजूला एक गंजका खिळा, सान्ता लुचियाच्या तसबिरीचा. सगळं जिथल्या तिथं होतं, फक्त खालची जमीन नव्हती. सत्तावन्न वर्षं ती ज्या घरात पाय ठेवायला तळमळत होती, ते घर हवेत होतं आणि ती त्याच्या खाली उभी होती.

"शिडी आण," ती कोर्रादोला म्हणाली.

कोर्रादो म्हणाला वय बघा, ओर्नेला म्हणाली मी आधार देते, सान्तो वरून म्हणाला खाली जाळं धरू का, मोठा मासा आहे. तानीनानं एप्रन कमरेला खोचला आणि चढली. कोर्रादोनं शिडी घट्ट धरली आणि मान समुद्राकडे वळवली, स्कर्टकडे बघायला नको म्हणून. ओर्नेला डबी घेऊन मागोमाग दोन पायऱ्या चढली. एक, दोन, सहा, आठ. मग तानीना थांबली. खिळा डोळ्यांसमोर आला. काळा डाग हाताशी आला. तिनं डावा हात पुढं करून हवेत जरा फिरवला, जिथं चूल होती तिथं, आणि मग काही वेळ नुसती उभी राहिली. स्वयंपाकघरात ती पोचली होती.

भोक आता टाचा उंचावण्याएवढं वर नव्हतं, कमरेपाशी होतं. तिनं बोटं आत घातली. दगड तसाच गार होता.

मग तिनं मागे हात केला आणि डबी मागितली. ओर्नेला एक क्षण अडखळली, पण दिली. तानीनानं एकेक दात उचलून आत ठेवला. हा माझा पहिला, कच्चा बदाम फोडताना पडलेला. हा मेलोनं दोरा बांधून दाराला अडकवलेला. हा कधी पडला आठवत नाही, उंदराला विचारा. शेवटी तुर्कोचा सुळा, त्याचं तिनं चुंबन घेतलं. आणि मग एप्रनच्या खिशातून रुमाल काढला, गाठ सोडली आणि बुधवारची दाढ बाहेर आली.

"दोन्ना तानीना," ओर्नेला खालून म्हणाली, "नियमाप्रमाणे इथं आत काही ठेवता येत नाही."

"ठेवत कुठं आहे? बदलून घेतेय."

तिनं दाढ आत सरकवली, तोंड भोकाजवळ नेलं आणि उंदराला जे सांगायचं ते सांगितलं, हळू नाही, चांगलं मोठ्यानं, म्हणजे कुंपणापर्यंत ऐकू जाईल असं. कुंपणापलीकडे कुणी हसलं नाही. सान्तोची आई, नव्वदीची, खुर्चीवर बसवून आणलेली, तिनं मात्र ओठ हलवत तेच शब्द बरोबरीनं म्हटले.

संध्याकाळी सभागृहात पंखे होते आणि मागच्या तीन रांगा भरल्या होत्या. ओर्नेलानं दात, धूर, खिळा, सगळं जसं होतं तसं सांगितलं, आधीचा आपला समज काय होता तेही. म्हाताऱ्या हसल्या, छप्पर उडेल एवढ्या हसल्या, आणि भाषण संपल्यावर आठ जणी आपापल्या भिंतीचा पत्ता घेऊन तिच्याभोवती उभ्या राहिल्या. नोकरीचं काय झालं ते पुढं कधीतरी कळेल. मोठ्या मंडळींपैकी एका पांढऱ्या दाढीवाल्यानं मात्र घरी जाताना तानीनाला विचारलं, राजाला खरंच वांगी दिली होती का. दोन वेळा मागून घेतली, ती म्हणाली.

सोमवारी परवाना संपला. जाण्याआधी ओर्नेलानं अहवाल कोर्रादोकडे सही करायला दिला आणि कोर्रादोनं तो कायदा मोडून छत्रीखाली मोठ्यानं वाचून दाखवला. एकशे बारा भोकांची मापं होती. त्रेसष्टाव्या भोकापुढे लिहिलं होतं: सात दात. जागेवरच ठेवले आहेत. मालकीण हयात आहे.